नीलमणी आणि दक्षिण महाराष्ट्रांतील सराफी

सांगलीच्या सराफकट्ट्यावर किंवा साताऱ्याच्या एखाद्या जुन्या पेढीवर पिढीजात डाग मोडीस आला म्हणजे जाणता सराफ प्रथम सोन्याकडे पहात नाहीं. तो कोंदणांतील खडे पहातो. मोत्याचें पाणी उतरलें असलें तरी मोती ओळखूं येतो. माणकाची लाली आणि पाचूची हिरवी झांक यांविषयींही त्याचा निर्णय लौकर होतो. परंतु मधेंच एखादा निळा खडा दिसला कीं त्याचा हात क्षणभर थांबतो. हा नीलमणी आहे, कांच आहे, कीं यंत्रांत तयार झालेला खडा आहे, हा एक प्रश्न. आणि नीलमणीच असला तर तो घरांत ठेवावा कीं न ठेवावा, हा दुसरा. पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि दुसरा शनिमहाराजांचा! या दोन प्रश्नांच्या कात्रींत सांपडून कित्येक घरांतील अस्सल नीळ भीतीपोटीं कवडीमोलानें बाहेर पडली आणि कित्येक घरांनीं रंगीत कांचेला नीलमण्याचें मोल मोजलें. तेव्हां या रत्नाचा दक्षिण महाराष्ट्रांतील इतिहास पहाणें हें केवळ हौसेचें काम नव्हे.

हें रत्न या भूमीचें नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. महाबळेश्वरच्या पठारापासून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंतचा मुलूख म्हणजे काळ्या कातळाचें राज्य. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचे हे थर आहेत. विहीर खणतांना त्यांत गारगोट्या निघतात, अकीक निघतात, क्वचित् पांढऱ्या-हिरव्या स्फटिकांचे सुंदर गुच्छही निघतात. परंतु नीळ निघत नाहीं. यांत नवल असें कीं सयाम, कंबोडिया आणि ऑस्ट्रेलिया या देशांतील पुष्कळशी नीळ ज्वालामुखीच्या काळ्या खडकांतूनच मिळते. पण तो खडक निराळ्या प्रकृतीचा आहे. खोल भूगर्भांतून वेगानें वर येतांना, तेथें अगोदरच तयार झालेले नीलमण्याचे स्फटिक त्यानें आपल्याबरोबर उचलून आणले. दख्खनच्या कातळाची घडण वेगळी असल्यानें असें वाहून आणलेलें धन त्याच्यापाशीं नाहीं. अर्थात् साताऱ्याच्या वा सांगलीच्या कोणत्याही दागिन्यांत जडलेली अस्सल नीळ ही बाहेरून, आणि जुनी असल्यास बहुधा समुद्रावरून आलेली आहे.

तरीही या परक्या रत्नाचें सगोत्र घरोघर ओळखीचें आहे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या सहाणेचा जो कुरुंद, तोच नीलमण्याचा सख्खा भाऊ होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांतून विलायतेस गेलेल्या कुरुंदाच्या नमुन्यांवरून चार्ल्स ग्रेव्हिल यानें इ. स. १७९८ मध्यें एक निबंध लिहिला, आणि १८०२ मध्यें काउंट बूर्नों यानें, माणिक व नीलमणी हे याच कुरुंदाचे प्रकार होत, असें स्फटिकांच्या आकारावरून दाखवून दिलें. पाश्चात्त्य शास्त्रांत या खनिजाला जें नांव आज रूढ आहे, तेंही याच देशी शब्दावरून घेतलेलें आहे. रासायनिक दृष्ट्या कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायु यांचा संयोग. शुद्ध असला तर तो पाण्यासारखा बिनरंगी असतो. त्यांत क्रोमियमचा अंश शिरला कीं माणिक होतें. लोह आणि टायटॅनियम यांचा लेश एकत्र आला कीं नीलमणी होतो. बाजारांत गुरूचें रत्न म्हणून ज्याला मान आहे तो पिवळा पुष्कराज, तोही अस्सल असेल तर, कुरुंदच. म्हणजे नवरत्नांतील माणिक, पुष्कराज आणि नीळ हीं तीन रत्नें वस्तुतः एकाच आईचीं लेकरें आहेत. सूर्य, गुरु आणि शनि यांचीं हीं रत्नें! ज्योतिषांत शनि हा सूर्याचा पुत्र आणि बापलेकांचें वैर प्रसिद्ध. पण त्यांच्या खड्यांत मात्र मुळाचा भेद नाहीं.

आपल्या प्राचीन रत्नशास्त्राला हें रासायनिक नातें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांचें निरीक्षण सामान्य नव्हतें. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत बावीस रत्नांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत इंद्रनील आणि महानील हीं दोन्ही येतात. मात्र सविस्तर परीक्षा त्यानें हिरा, मोतीं, माणिक आणि पाचू या चारांचीच सांगितली आहे. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत आणि गरुडपुराणांतील रत्नप्रकरण यांत नीलमण्यास स्वतंत्र स्थान मिळालें. बल नांवाच्या असुराच्या देहापासून रत्नें झालीं आणि त्याचे डोळे सिंहलद्वीपांत पडून त्यांचे इंद्रनील झाले, अशी ती कथा आहे. कथेचा काव्यभाग बाजूला ठेविला तरी भूगोल बिनचूक आहे. सिंहलद्वीप म्हणजे आजची श्रीलंका, आणि तेथील रत्नपूर परिसरांत नद्यांच्या वाळूगोट्यांतून नीलमणी आजही काढतात. हे संस्कृत ग्रंथ लुई फिनो या फ्रेंच पंडितानें १८९६ मध्यें पॅरिस येथें एकत्र छापून प्रसिद्ध केले. त्यामुळें त्यांचा तौलनिक अभ्यास सुलभ झाला.

या परंपरेचा एक धागा सातारा जिल्ह्याच्या अगदीं जवळून जातो. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य यानें कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशीं, चंद्रलेखेशीं, विवाह केल्याचें वर्णन बिल्हणानें आपल्या विक्रमांकदेवचरितांत केलें आहे. याच विक्रमादित्याचा पुत्र सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास हा विश्वकोशासारखा ग्रंथ रचला. राजाच्या कोशांत कोणतें द्रव्य असावें हें सांगतांना त्यानें रत्नांच्या परीक्षेचाही विचार केला आहे. कृष्णाकांठचा प्रदेश त्या काळीं रत्नशास्त्राला अपरिचित नव्हता, एवढें यावरून म्हणतां येईल.

जुन्या ग्रंथांतील एक परीक्षा मात्र अजूनही लोकांच्या तोंडीं आहे, म्हणून तिच्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपल्या वजनाच्या शंभरपट दुधांत टाकला असतां जो त्या सर्व दुधाला निळी छटा देतो तो महानील, असें गरुडपुराणांत म्हटलें आहे. यावरून दुधाच्या वाटींत खडा टाकून पहाण्याची चाल पडली. परंतु नीलमण्याचा रंग दुधांत विरघळत नाहीं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर खड्यांतून परावृत्त झालेला प्रकाश तेवढा दिसतो. जुन्या शास्त्रकाराला रंगाच्या गडदपणाचें माप सांगावयाचें असावें. आज ती खरेखोटेपणाची कसोटी समजली जाते हा अनर्थ होय, कारण गडद निळी कांचही दुधांत तोच चमत्कार करून दाखविते.

मध्ययुगांत लंका आणि ब्रह्मदेशांतील पेगू या दोन दिशांनीं नीलमणी पश्चिम किनाऱ्यावर येत असे. गोमंतकांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें आपला संवादात्मक ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांतच छापविला. औषधी वनस्पतींबरोबर त्यानें रत्नांचीही चर्चा केली असून लंकेच्या आणि पेगूच्या नीलमण्याचा उल्लेख केला आहे. याच गृहस्थाकडे मुंबई बेट भाडेपट्ट्यानें होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. तो रत्नांचाही जाणकार होता, हें फारसें कोणी सांगत नाहीं. गोव्याच्या आणि कोंकणच्या बंदरांतून घाट चढून माल कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर या पेठांत येई. मिठाच्या गोण्यांबरोबर त्याच वाटेनें एखाद्या व्यापाऱ्याच्या कंबरेच्या कशांत रत्नांची पुडीही येत असली पाहिजे. रत्नव्यापाराचा हा विशेषच आहे कीं, त्याचा गाजावाजा होत नाहीं आणि त्याची नोंदही क्वचित् होते.

मराठी राज्य उभें राहिलें आणि रत्नांना घाटमाथ्यावर राजदरबार मिळाला. रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकासाठीं सिद्ध झालेल्या सिंहासनावर नवरत्नें जडविल्याचें सभासदानें आपल्या बखरींत सांगितलें आहे. नवरत्नें म्हटलीं कीं त्यांत नीळ आलीच. एकटी घ्यावयास भीति वाटली तरी नवांच्या पंगतींत तिला वगळतां येत नाहीं. मध्यें सूर्याचें माणिक आणि पश्चिमेस शनीची नीळ, अशी नवग्रहांच्या मांडणीप्रमाणें त्या खड्यांची रचना करितात. एकेकट्या ग्रहाची बाधा नवांच्या मेळाव्यांत शमते, अशी समजूत असल्यानें अंगठी, बाजूबंद आणि पदक या रूपानें नवरत्नांचा प्रसार पुष्कळ झाला.

शाहू छत्रपति १७०७ मध्यें मोगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि पुढच्या वर्षीं साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. तेव्हांपासून चाळीस वर्षें सातारा ही मराठी राज्याची खरीखुरी राजधानी होती. या दरबारांतील जवाहिरासंबंधीं एक आख्यायिका ग्रँट डफनें नमूद केली आहे. आपल्या थोरपणाचा फार अभिमान बाळगणारा एक सरदार उंची पोशाख करून दरबारास येणार होता. शाहूमहाराजांनीं आपल्या लाडक्या कुत्र्याला किनखापाचा पोशाख चढविला, त्याला जवाहिरानें मढविलें आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली! त्यानंतर महाराजांनीं स्वतः पगडी कधीं घातली नाहीं, असें डफ म्हणतो. याच कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत महाराजांचे प्राण वांचविले होते. खंड्या या नांवानें तो लोकांत प्रसिद्ध असून त्याची समाधि साताऱ्याजवळ संगममाहुलीस दाखवितात. रत्नांचा डौल मिरविणाऱ्यांस याहून बोंचक उत्तर कोणत्या राजानें दिलें असेल? त्या दिवशीं खंड्याच्या अंगावर कोणकोणते खडे होते हें डफनें लिहिलेलें नाहीं. पण त्यांत एखादी नीळ असली तर तिनें त्या इमानी जनावराचें कांहीं वाईट केल्याचें ऐकिवांत नाहीं.

राज्यें गेलीं तशीं त्यांचीं रत्नेंही गेलीं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि नाशिकचा म्हणून जगप्रसिद्ध असलेला हिरा कंपनीच्या हातीं पडून विलायतेस गेला. त्याच वर्षीं इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें, आणि १८३९ मध्यें त्यांनाच पदच्युत करून काशीस धाडलें. त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्यें वारले. दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झालें. नागपूरकर भोसल्यांचें राज्य त्यानंतर थोड्याच वर्षांत गेलें आणि त्यांचें जडजवाहीर कलकत्त्यास लिलावांत निघालें. ज्या वस्तूवर पिढ्यान्पिढ्या हळदकुंकू वाहिलें, तिच्यावर लिलावाची चिठ्ठी लागलेली पहाणें हा प्रसंग किती दारुण, हें सांगावयास नको. जडजवाहिराची राजाश्रयाची बाजू अशी ढासळत असतां दुसरीकडे मध्यम स्थितींतील कुटुंबांसाठीं काम करणारी सराफी मात्र स्थिरावत होती.

तिचें एक ठळक ठाणें सांगली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं १८०१ मध्यें मिरजेच्या चुलत्यांपासून वांटणी घेऊन कृष्णाकांठच्या या लहानशा गांवांत राजधानी केली. गणपतीचें देवालय, पेठा, व्यापाऱ्यांना उत्तेजन यांमुळें गांवाचें नगर झालें. याच काळांत, म्हणजे १८३२ मध्यें, गणेश नारायण गाडगीळ यांनीं सांगलींत सराफीची पेढी घातली. हीच पेढी पुढें पुरुषोत्तम नारायण गाडगीळ या नांवानें ख्याति पावली, आणि १९५८ मध्यें या घराण्यानें पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर दुकान काढलें. संस्थानें गेलीं, सांगली १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झाली, १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्यें त्याचें नांव सांगली जिल्हा पडलें; पण पेढ्यांचा व्यवहार चालूच राहिला. सराफीचें भांडवल सोनें हें खरें. परंतु त्याहून मोठें भांडवल पत होय, आणि पतीची खरी परीक्षा सोन्यांत नव्हे, खड्यांत होते. सोनें कसोटीवर घांसून गिऱ्हाइकालाही दाखवितां येतें. खड्याच्या बाबतींत गिऱ्हाइकाला सराफाच्या शब्दावर विसंबावें लागतें.

महाराष्ट्रीय स्त्रियांच्या पारंपरिक दागिन्यांकडे पाहिलें तर नीळ त्यांत जवळजवळ दिसत नाहीं. नथेंत मोतीं आणि मधें लाल वा हिरवा खडा, तन्मणीच्या खोडांतही तेच रंग, चिंचपेटी मोत्यांची, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, पाटल्या, गोठ, तोडे हे निव्वळ सोन्याचे. पुरुषांच्या भिकबाळींतही मोतीं आणि लाल-हिरवे खडे. माणिक-मोतीं-पाचू हा त्रिवर्ण आपल्या डोळ्यांत इतका भिनलेला आहे कीं निळा खडा परका वाटावा. याचें एक कारण किंमत व दुर्मिळता हें असेल; कोंदणाची पद्धत हें दुसरें. जुन्या कोंदणांत खडा मागून बंद असे आणि त्याखालीं चकाकणारा डांक घालीत. लाल व हिरवा खडा डांकेनें खुलतो. गडद नीळ अशा बंद घरांत काळी पडते. तिला प्रकाश आरपार हवा. मागून उघडी घडण पाश्चात्त्य वळणाबरोबर अधिक रूढ झाली, तेव्हां नीळ खरी दिसूं लागली. परंतु या सर्वांहून प्रबळ कारण म्हणजे शनीचें भय.

हें भय किती जुनें? वराहमिहिरानें रत्नें शुभ आणि अशुभ असूं शकतात असें सांगितलें. पण अमुक ग्रहाचें अमुक रत्न, अशी पक्की जोडी जी आज सर्वतोमुखी आहे, ती त्यानंतरच्या काळांतील जातकपारिजातासारख्या ज्योतिषग्रंथांत स्पष्टपणें येते. महाराष्ट्रांत ओवीबद्ध शनिमाहात्म्याच्या शनिवारच्या पाठानें साडेसातीची धास्ती घराघरांत नेली. मौज अशी कीं त्या कथेंत विक्रमराजावर येणारें संकट हें दागिन्याचेंच आहे: भिंतीवरील चित्रांतला हंस खुंटीवरचा हार गिळतो आणि चोरीचा आळ राजावर येतो. ज्या श्रोत्यांनीं लहानपणीं ही कथा ऐकली, त्यांनीं शनीच्या खड्याकडे साशंकतेनें पहावें हें स्वाभाविकच आहे. युरोपीय भाषांत नीलमण्याला जें नांव आहे तें ‘शनिप्रिय’ या संस्कृत शब्दापासून निघालें, असें कांहीं व्युत्पत्तिकार सांगतात. ही व्युत्पत्ति निर्विवाद नाहीं. शिवाय प्राचीन ग्रीक लोक त्या नांवानें ज्या दगडाचें वर्णन करीत तो सोनेरी ठिपक्यांचा राजावर्त असावा, असें विद्वानांचें मत आहे. पण आपल्याकडे ती आवडीनें सांगितली जाते खरी.

या भयांतून एक व्यापारी रिवाज जन्मास आला. नीळ जाकड देण्याचा. गिऱ्हाइकानें खडा घरीं न्यावयाचा, तीन रात्रीं उशाखालीं ठेवावयाचा किंवा दंडाला बांधावयाचा. वाईट स्वप्न पडलें, घरांत कोणी आजारी झालें, कांहीं मोडलें-फुटलें तर परत करावयाचा. नाहींतर सौदा पक्का. नंतर तो चांदींत वा पंचधातूंत घडवून शनिवारीं मधल्या बोटांत घालावयाचा. इतर कोणत्याही खड्याच्या वांट्यास हा मान किंवा अपमान आलेला नाहीं. तीन रात्रींत घरामध्यें कांहींना कांहीं घडतेंच, आणि भ्यालेल्या माणसास स्वप्न पडण्यासही फार आयास लागत नाहींत. जाकडाचा हा रिवाज गिऱ्हाइकाला मनाचें समाधान देई, पण सराफाला कांहीं वेळां गोत्यांत आणी: अस्सल खडा घरीं जाई आणि परत येतांना दुसराच येई. म्हणून जाणते सराफ खडा देतांना त्याचें वजन आणि खूण टिपून ठेवूं लागले. तराजू या भयाहून अधिक उपयोगाचा ठरला, तो असा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्याच्या आरंभीं नीलमण्याच्या जगांत दोन घटना घडल्या. पहिली हिमालयांतील. १८८१ च्या सुमारास काश्मीर संस्थानांतील पाडर भागांत सुमजाम या खेड्याच्या वर, साडेचार हजार मीटरांच्या आसपास उंचीवर, डोंगराचा कडा कोसळला आणि निळे स्फटिक उघडे पडले. आरंभीं लाहुलकडील व्यापाऱ्यांनीं ते सिमल्यास आणून विकले. दगडाच्या वजनाइतकें मीठ देऊन ते घेतल्याच्या गोष्टी सांगतात. मोल कळल्यावर महाराज रणबीरसिंहांनीं तेथें पहारा बसविला. भूगर्भखात्याचा ला टूश याची तेथें पाठवणी झाली तोंवर, १८८७ च्या सुमारास, मूळ खाणीचा मेवा बहुतेक सरला होता. पांच-सहा वर्षांचा काय तो बहर. पण त्या मखमली, मोरपंखी निळाईनें जगांतील पारख्यांचें माप कायमचें बदलून टाकलें. आजही उत्तम नीळ म्हणजे काश्मिरी, असा भाव लागतो. या नांवाचा लोभ इतका कीं, सिंहली आणि सयामी खडेही काश्मिरी म्हणून खपविले जातात. ज्या खाणीनें पांच-सहा वर्षेंच भरभरून माल दिला, तिचे खडे प्रत्येक गांवच्या पेठेंत कसे मिळतील, हा साधा प्रश्न गिऱ्हाइकानें मनाशीं विचारला तरी पुष्कळ पैसा वांचेल.

दुसरी घटना पॅरिसमधील प्रयोगशाळेची. ऑग्यूस्त व्हर्नुय या रसायनशास्त्रज्ञानें ॲल्युमिनाची भुकटी ज्योतींतून पाडून, तिचा थेंबाथेंबानें गोळा वाढवून, कृत्रिम माणिक बनविण्याची रीत १९०२ मध्यें जाहीर केली. निळा रंग मात्र त्याला कांहीं वर्षें चकवीत होता. कोबाल्ट घालून रंग येईना. अखेर लोह आणि टायटॅनियम या जोडीचें गुपित उमगलें आणि १९११ पर्यंत कृत्रिम नीलमण्याचे पेटंट त्याच्या हातीं आलें. हा खडा कांच नव्हे; कुरुंदच आहे. काठिण्य तेंच, वजन तेंच, प्रकाश वळविण्याची शक्तीही तीच. जुन्या पारख्याच्या सगळ्या कसोट्यांना तो उतरतो. म्हणून आजोबांच्या अंगठींतील खडा जुना आहे, यावरून तो खाणींतलाच असला पाहिजे, असें अनुमान काढतां येत नाहीं. अंगठी १९११ नंतरची असेल तर शंकेस जागा आहे.

येथें पारखेचा थोडा व्यावहारिक विचार केला पाहिजे. कांच ओळखणें सोपें. खडा कोंदणांतून सुटा असेल तर सराफाच्या नाजूक तराजूनें काम भागतें. कुरुंद पाण्याच्या चौपट जड असतो. म्हणून हवेंत ४० गुंजा भरणारी नीळ पाण्यांत बुडवून तोलली तर ३० गुंजा भरते. तेवढ्याच वजनाची साधी कांच २४ गुंजांच्या आसपास येते. काठिण्याच्या श्रेणींत हिरा दहा, तर कुरुंद नऊ. कांच साडेपांचाच्या आसपास. त्यामुळें जुन्या कांचेच्या पैलूंच्या कडा झिजून गोल होतात, नीलमण्याच्या धारदार रहातात. खाणींतील आणि यंत्रांतील खड्यांचा भेद मात्र भिंगाखालींच कळतो. निसर्गांत स्फटिक शतकानुशतकें थरांनीं वाढतो. त्यामुळें रंगाच्या रेषा सरळ आणि षट्कोनाच्या बाजूंप्रमाणें कोन करून असतात. यंत्रांतील गोळा वितळलेल्या थेंबांनीं वाढत असल्यानें त्याच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरील चऱ्यांसारख्या वक्र असतात; मधें हवेचे बुडबुडेही दिसतात. गंमत पहावी : ज्या खड्यांत कांहींच दोष दिसत नाहीं तो अधिक संशयास्पद, आणि रेशमासारखे बारीक तंतू वा पिसासारखे डाग ज्यांत आहेत तो बहुधा निसर्गाचा. जुन्या शास्त्रांनीं दोष म्हणून मोजलेल्या खुणाच आज जन्माचा दाखला ठरल्या आहेत.

त्यांतही आणखी एक पेंच आहे. लंकेंतील दुधी, जवळजवळ रंगहीन दिसणारा कुरुंद फार मोठ्या उष्णतेवर तापविला असतां सुंदर निळा होतो, हें १९७० नंतरच्या काळांत सयामी व्यापाऱ्यांनीं मोठ्या प्रमाणावर उपयोगांत आणलें. पूर्वीं हा दगड टाकाऊ समजत. आज बाजारांतील बहुतांश नीळ तापविलेली असते. ती खोटी नव्हे. परंतु न तापवितां मूळचाच उत्तम रंग असलेल्या खड्याहून तिचें मोल पुष्कळ कमी असावें, आणि विकणाऱ्यानें तें सांगावें, हा न्याय आहे. नुसत्या डोळ्यांनीं हें कोणासही सांगतां येत नाहीं. त्यासाठीं रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखलाच घ्यावा लागतो. मोठ्या मोलाचा खडा दाखल्यावांचून घेणें म्हणजे सात-बारा न पहातां जमीन घेणें होय.

सोनारकामांतही नीळ एका बाबतींत हळवी आहे. तिचा वितळण्याचा बिंदु दोन हजार अंशांच्या वर, सोन्याचा १०६४. तेजाबाचाही तिच्यावर परिणाम होत नाहीं. पण डाग सांधतांना लावलेला टाकणखार आगीच्या आंचेबरोबर तिच्या पृष्ठभागावर पसरला तर तो तें पृष्ठ खातो आणि झिलई जाते. हिऱ्यानंतरचें कठीण रत्न, आणि त्याला बाधा होते ती सोनाराच्या वाटींतल्या साध्या टाकणखाराची! म्हणून नीळ जडविलेली अंगठी दुरुस्तीस दिली तर खडा अगोदर काढून घ्यावा, असा चांगल्या कारागिरांचा रिवाज आहे.

आणि मोडीच्या सोन्यांतील खडे अखेर जातात कोठें, याचेंही उत्तर याच मुलखांत मिळतें. सांगली जिल्ह्यांतील विटें, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यांतील माण, खटाव या अवर्षणी तालुक्यांतून गेल्या शतकांत शेंकडों कुटुंबें पोट भरण्यासाठीं बाहेर पडलीं आणि सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यांत शिरलीं. गलाई असें त्या धंद्याचें नांव. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत बहुतेक मोठ्या शहरांतील सराफपेठेंत या भागांतील गलाईवाले सांपडतात. १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध दागिना घडविण्यास बंदी झाली, तेव्हां सोनारांप्रमाणें यांच्याही चुलीवर पाणी पडलें. १९९० मध्यें तो कायदाच रद्द झाला. एरवीं सोनाराच्या दुकानांतील केर, भट्टीची राख, मोडका डाग, हें सारें त्यांच्या मुशींत जातें. मूस ओतण्यापूर्वीं खडे निवडून काढितात. माणकें एकीकडे, मोतीं एकीकडे, कांच टाकून द्यावयाची. निळा खडा निघाला तर तो पाण्यानें धुवून, पांढऱ्या कागदावर ठेवून, खिडकीपाशीं नेऊन पहातात. आणि खरा वाटला तर त्याची वेगळी पुडी बांधून वर वजन व तारीख लिहितात.